मांडीवरचा ताल

संगीताच्या परीक्षेसाठी एक उत्तर आम्ही सगळ्यांनी घोकलेलं असायचं. हिंदुस्तानी संगीत भावप्रधान, कर्नाटक संगीत गणितप्रधान. मी ते तीन परीक्षांत लिहिलं आणि तिन्ही वेळा चांगले मार्क मिळवले. तोवर मी कर्नाटक संगीताची एक ओळसुद्धा ऐकलेली नव्हती. मला शिकवणाऱ्या नगरच्या सरांनीही ऐकलेली नव्हती. न ऐकलेल्या गाण्याबद्दल इतक्या ठामपणे लिहायला आम्हाला कुणालाच लाज वाटली नाही, याचा मला आज संताप येतो.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत शिक्षिका होते. वसाहतीत एक श्रोता मंडळ होतं. वर्षाला दोन मैफली, गायक बहुतेक पुण्याचे. मी मंडळाची चिटणीस. म्हणजे निमंत्रणपत्रिकांवर नावं घालायची, सतरंज्या झटकून घ्यायच्या आणि माइकवर कलाकारांची ओळख करून द्यायची. अध्यक्ष होते कारखान्यातले एक मोठे साहेब. दर्दी म्हणून त्यांची ख्याती होती आणि ती पसरवण्याचं काम ते स्वतःच करत. पहिल्या रांगेत लोडाला टेकून बसायचे आणि मनात येईल तिथं 'क्या बात है' म्हणायचे. ती जागा समेची आहे की अधलीमधली, याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नसे. एकदा तर गायकानं पाणी प्यायला पेला उचलला तेव्हाही म्हणाले. त्यांनी म्हटलं की मागची रांगही तेच म्हणायची, कारण त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या रजेच्या अर्जावर सही त्यांची असे.

माझ्यापासून दोन घरं सोडून नवे केमिस्ट राहायला आले, तमिळनाडूकडचे. त्यांच्या पत्नीला वसाहत 'मद्रासी वहिनी' म्हणायची, मी नुसतं वहिनी. एका रविवारी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर वहिनी डोशाचं पीठ वाटता वाटता गात होत्या. मी दारातच थांबले.

"हा तर आमचा भूप," मी म्हणाले.

"आमचा मोहनम्," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "सूर तेच."

सूर तेच होते, पण चाल निराळी. भूप मला बारा वर्षं येत होता आणि तो असाही चालतो हे मला ठाऊक नव्हतं. वहिनी लहानपणापासून सोळा वर्षं शिकलेल्या. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे चार कारखाने फिरल्या, पण लोकांपुढे बसून एकदाही गायल्या नव्हत्या. "एकदा गायचं आहे, टीचर," त्या म्हणाल्या. "पूर्ण एक गाणं. समोर माणसं बसून." एवढंच त्यांना हवं होतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं लोकांनी त्यांना गर्विष्ठ ठरवलं.

त्यांनी मला हातावर ताल धरायला शिकवला. आठ मात्रांचा. पहिल्या मात्रेला तळहात मांडीवर, मग करंगळी, तिच्या शेजारचं बोट, मधलं बोट. पाचव्या मात्रेला पुन्हा तळहात, सहाव्याला हात उलटा. सातवी आठवी तशीच. गाणारा असा ताल धरतो आणि ऐकणाराही धरतो. त्यांच्याकडे सगळी सभा हात चालवत बसते, तेच ऐकणं. गणित म्हणून आम्ही ज्याची टिंगल करत होतो ते हे होतं, हजार माणसांनी एका गाण्याबरोबर चालणं.

दिवाळीनंतरच्या मैफलीला वहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या आणि गाणं सुरू होताच त्यांचा हात मांडीवर पडू लागला. हलक्या हातानं, अचूक. गायकाचं लक्ष दोनदा तिकडे गेलं आणि दोन्ही वेळा तो खूश झालेला मी पाहिला. अध्यक्षांच्या कपाळाला मात्र आठ्या. त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि कानात म्हणाले, "त्या बाईंना सांगा, ही भजनाची जागा नाही. मांडीवर थापा मारू नका म्हणावं."

मी जाऊन सांगितलं. 'थापा' हा शब्द गाळला, बाकी निरोप पोचवला. वहिनींनी हात पदराखाली घेतला आणि उरलेली मैफल तशाच बसून राहिल्या. अध्यक्षांनी त्यानंतर निदान दहा वेळा 'क्या बात है' म्हटलं, त्याचा त्रास कुणालाच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. वहिनी रागावलेल्या नव्हत्या, याचंच मला जास्त लागलं. "टीचर, हात नाही तर गाणं कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं. गुढीपाडव्याच्या मैफलीत मुख्य गायकाआधी वहिनींचं गाणं ठेवायचं, असं मी त्यांना परस्पर कबूल करून बसले.

मंडळाच्या बैठकीत विषय काढला तर एक जण म्हणाला, "त्यांना एखादं भक्तिगीत म्हणू द्या, मराठी." दुसरा म्हणाला, "सिनेमातलं येतं का विचारा." मग अध्यक्षांनी डोळे मिटून सांगितलं, "त्यांच्याकडे गणित असतं, आपल्याकडे भाव." माझंच परीक्षेतलं उत्तर. शेवटी पंधरा मिनिटं मिळाली. अट एक, व्यासपीठावर हात चालवायचा नाही, बरं दिसत नाही. "समजावते मी," असं मी म्हणाले आणि वहिनींना त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. वाटलं, एकदा गायला लागल्या की कोण थांबवतंय.

मृदंग वाजवायला कुणी मिळेना. तबलजीनं सरळ हात वर केले. मग वजनकाट्यावरचे मामा आले. तिसगावचे, गावच्या भजनात पखवाज वाजवणारे. गळिताचा हंगाम सुरू होता, दिवसभर उसाच्या गाड्या मोजून संध्याकाळी पखवाज खांद्याला लावून वहिनींच्या ओट्यावर हजर व्हायचे. पहिल्या दिवशी त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ताई, मला तुमची भाषा कळत न्हाई. पर आठ मात्रा हायेत, आमच्या भजनातबी आठच. तुमी फकस्त हात दिसंल असा ठिवा. मी त्याच्याकडं बघून वाजवतो." परीक्षा एकही न दिलेल्या माणसाला जे पाच मिनिटांत कळलं, ते मंडळाला कळायला तयार नव्हतं. तीन आठवड्यांत दोघांचं इतकं जमलं की वहिनी चुकून हसल्या तरी मामा कुठं हसल्या ते पखवाजावर दाखवायचे.

पाडव्याला हॉल भरला. मागे दाराशी मामांच्या भजनातले आठ-दहा लोक उभे होते, आपला माणूस वर बसलाय म्हणून आलेले. वहिनी हिरवी रेशमी साडी नेसून बसल्या. मोहनम् सुरू केला. पहिल्या ओळीला आवाज किंचित थरथरला, दुसऱ्या ओळीला स्थिर झाला आणि हात मांडीवर पडू लागला. मामांची नजर त्या हातावर. मी कडेला उभी होते आणि माझ्या नकळत माझाही हात चालत होता. इतकं सरळ, इतकं उजळ गाणं त्या हॉलमध्ये त्याआधी कुणी गायलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

पाच-सहा मिनिटं झाली असतील. पहिल्या रांगेत अध्यक्षांनी तळहात पुढं केला आणि खाली दाबला. वर्गात पोरांना गप्प बसवताना करतात तसा. वहिनींना कळलं नाही. अध्यक्षांनी पुन्हा केला, या वेळी बोटानं वहिनींच्या हाताकडे दाखवून. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना सगळं समजलं असणार, की हे आधीच ठरलं होतं आणि मला ठाऊक होतं.

चालू ओळ त्यांनी पुरी केली. ओळ पुन्हा सुरू केली, तळहात, करंगळी, शेजारचं बोट, मधलं बोट. पाचव्या मात्रेला तळहात मांडीवर आला आणि तिथंच राहिला. आवाजही तिथंच थांबला. मामांचा हात पखवाजावर हवेत राहिला.

आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. गाणं संपलं असं समजून. अध्यक्ष मोठ्यांदा म्हणाले, "क्या बात है," आणि मागची रांग म्हणाली. एवढे दर्दी जमले होते, पण समोर गाणं अर्ध्यात मोडून पडलंय हे एकालाही कळलं नाही. दाराशी उभ्या माणसांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ते मामांकडे बघत होते.

"ताई, पाचव्यावर सोडलं तुमी," मामा हळूच म्हणाले. "तीन मात्रा ऱ्हायल्या."

"कोणी मोजत नाही, मामा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी नमस्कार केला आणि उठल्या.

टाळ्या थांबल्या तशी सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मला तो ताल येत होता. उरलेल्या तीन मात्रा मला ठाऊक होत्या, त्या का उरल्या तेही ठाऊक होतं, आणि माइक माझ्याच हातात होता. मी म्हणाले, "खूपच सुंदर. आता आपण आजच्या मुख्य कार्यक्रमाकडे वळू या."