दारावरची तारीख

कोर्टाचा कागद हातात घेतला नाही तर खटला लागूच होत नाही, ही अक्कल आमच्या सासऱ्यांना कोणी दिली देव जाणे. आमच्या विणकरांच्या गल्लीत सगळ्यांचंच तसं मत होतं. हात लावला म्हणजे कबूल केल्यासारखं. त्या शहाणपणापायी आमचं घर गेलं, आणि अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नागपुरातलं दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत जमिनीत खड्डे खणून बसवलेले दोन माग. एकावर सासरे, दुसऱ्यावर आमचे हे. जागा जुन्या मालकानं सासऱ्यांच्या वडिलांना कायमची लिहून दिलेली, तो कागद पेटीत होता. मालक मेला आणि त्याच्या मुलानं दावा लावला की हे लोक नुसते भाडेकरू आहेत, यांना बाहेर काढा.

बेलीफ समन्स घेऊन आला तेव्हा सासरे खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणत होते. त्यांनी हातातला धोटासुद्धा थांबवला नाही. "मी घेत नाही. घेऊन जा गा तुहा कागद," म्हणाले. बेलीफानं दोन शेजारी साक्षीला उभे केले, कागद दाराला चिकटवला आणि गेला. मग शेजाऱ्यांनी सासऱ्यांचं काय ते कौतुक केलं! जणू लढाईच मारली.

घरात वाचता येणारी मी एकटी. माहेरी चौथी झाले होते. पण सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "शिकलेली आहो म्हणून मिरवू नको वं." सासऱ्यांसमोर तर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. दारापुढं सडा टाकताना मी तो कागद वाचला. त्यात तारीख होती, आणि त्या दिवशी हजर झालं नाही तर माघारी निकाल होईल, असंही होतं.

मी ह्यांना गाठलं. "मामाजीले सांगा ना. वकील करा म्हणावं."

"तू वाचलं हे कोणाले बोलू नको," हे म्हणाले. "बायकोच्या सांगण्यावरून मी बाबाले शिकवू काय?"

वकील काही लंकेत राहत नव्हता. तीन गल्ल्या सोडून त्याचं घर, त्याची बायको आमच्याच मागावरची लुगडी नेसायची. त्याच महिन्यात सासरे तिथं लुगडं पोचवून आले, चहा पिऊन आले, आणि दाव्याबद्दल चकार शब्द काढला नाही. भल्या माणसानं कोर्टाचं नाव घेऊ नये म्हणे! आता कोणाकडे कोर्टाचा कागद आला असं कानावर आलं की मी भांडून त्याला त्याच दिवशी वकिलाकडे धाडते. लोक मला आगाऊ म्हणतात. म्हणोत.

तारखेच्या दिवशी मला सकाळपासून काही सुचेना. भाकरी करपवल्या, बोलणी खाल्ली. दोन्ही माग दिवसभर चालू होते. संध्याकाळी सासरे हातपाय धुऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पाहा, काही झालं काय?"

काही महिन्यांनी बेलीफ पुन्हा आला, तो घराचा ताबा घ्यायचा हुकूम घेऊन. मग पेटी उघडली. तो जुना कागद घेऊन आम्ही चौघंही वकिलाकडे धावलो. सासूबाई आणि मी दाराशी बसलो.

वकिलानं कागद दोनदा वाचला. "हा तेव्हा दाखवला असता तर दावा टिकलाच नसता," तो म्हणाला. समन्स नाकारलं तरी ते मिळाल्यातच जमा धरतात, असं त्यानं सांगितलं. निकाल फिरवून घ्यायलाही मुदत असते, ती संपली होती. सासऱ्यांनी कागद परत घेतला आणि जपून त्याची घडी घातली. मला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त संताप आला.

"अरे, पण तारीख तर दारावरच लावली होती," वकील म्हणाला. "घरात कोणालाच वाचता येत नाही?"

"नाही जी," सासरे म्हणाले. "आमच्या घरी कोण शिकलं आहे?"

ह्यांनी मान खाली घातली. मी पदर आणखी पुढं ओढला. आता तोंड उघडलं तर वाचूनही सांगितलं नाही म्हणून घर घालवल्याचं खापर माझ्याच माथ्यावर फुटणार, एवढं मला नीट कळत होतं.