अर्धंच रान

अहेरीच्या बाजाराला लागून जुन्या सागांचं रान होतं. तिथल्या सावलीत बसणारा न्हावी प्रत्येक गिऱ्हाइकावर, माझ्यासारख्या मास्तरावरही, खेकसायचा, "हालू नोका!"

इंग्रज गेले, पण साहेब राहिले. अशाच एका साहेबाला रान तोडून तिथे गुलाबांची बाग करायची होती. गावानं हात जोडले, तर म्हणाला, "अर्धंच तोडतोय ना!"

पुढच्या बाजारी तोच साहेब दाढीला बसला. न्हाव्यानं एक गाल साफ केला, वस्तरा मिटला आणि आरसा पुढे धरला.

"अर्धंच काढलं, साहेब. कसं दिसून राह्यलं?"

बाकीच्या न्हाव्यांनीही धोकट्या आवरल्या. दुसऱ्या गालावर फेस तसाच घेऊन साहेब भर बाजारातून तणतणत गेला. मी हसलो, तर न्हावी माझ्यावरच उखडला.

"हासता काय, मास्तर? उद्या कुऱ्हाडी येतीन. आता रानातून हालू नोका!"