कपडे वाळेपर्यंत

“आता कपडे घाला, गारठाल. बाकी डॉक्टर कळवतील.”

एक्स-रे झाला की ताई एवढंच म्हणायच्या. समोर गोरं माणूस असेल तर इंग्रजीत, आपल्याकडचं असेल तर मराठीत नाहीतर हिंदीत. आणि म्हणता म्हणता त्या माणसाचं स्वेटर असं पसरून धरायच्या, की त्यानं नुसते हात आत घालायचे.

तुम्ही कधी एक्स-रे काढून घेतला असेल तर तुम्हीही हे केलं असणार. काचेमागून बाहेर येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघितलं असणार. कारण त्यानं फोटो बघितलेला असतो आणि आपण बघितलेला नसतो. मी त्या डिपार्टमेंटमध्ये हेल्पर होते. पेशंटला गाऊन द्यायचा, अंगावरचे दागिने काढून ठेवायला सांगायचं, खुर्ची ढकलत न्यायची. त्यामुळं ताईंकडं बघणारी माणसं मी रोज बघायचे. त्यांना काही सापडायचं नाही. मनगट मोडलेलं असो, पोटात काही भलतं असो, नाहीतर काहीच नसो, ताईंचा चेहरा तोच आणि वाक्यही तेच.

“मी फोटो काढते बाप्पा, भविष्य नाही सांगत,” असं त्या मला एकदा म्हणाल्या.

त्या लोकम होत्या. म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या कायमच्या नव्हत्या. कुठं कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुठं कुणी नोकरी सोडली, की एजन्सी त्यांना तिथं पाठवायची. महिना-दोन महिने काम करायचं, की सुटकेस उचलून पुढचं गाव. आमच्याकडं गोरी पोरंपोरी त्यांना नावानं हाक मारायचीच नाहीत. “लोकमला विचार,” “लोकम बघेल.” ताईंना त्याचं काही वाटायचं नाही. “नाव पाठ होते तोपर्यंत मी निघून जाते, कशाला त्यांना त्रास,” म्हणायच्या.

आमची ओळख झाली ती एका आजींमुळं. आजी आमच्या हॅरोच्याच, मराठी. छातीचा फोटो काढायचा होता आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढायला त्या तयार नव्हत्या. मी विनवण्या करून थकले.

“पन्नास वर्षं झाली, ह्यांच्यासमोर नाही काढलं कधी. आता तुमच्या मशीनसाठी काढू?”

तेवढ्यात ताई बाहेर आल्या. “नका काढू आजी. वर उचला अन् दातात धरा. फोटोत येत नाही, अन् तेवढा वेळ तुमच्या सुनेलाही आराम.”

सून कोपऱ्यात उभी होती, तिला हसू आवरेना. आजींनी डोळे वटारले, पण मंगळसूत्र दातात धरलं आणि मशीनसमोर ताठ उभ्या राहिल्या.

मग माझ्याकडं वळून ताई म्हणाल्या, “कुठली गं तू?”

“कराडकडची.”

“मी नागपूरची. चल, या इंग्रजांच्या देशात शेजारीच झालो आपण.”

तेव्हापासून दुपारचा डबा आम्ही एकत्र खायला लागलो. हॉस्पिटलच्या मागं क्वार्टर्स होती, तिथं त्यांना एक खोली मिळाली होती. खिडकीत बुद्धाची टीचभर मूर्ती, शेगडीवर कुकर, बाकी सगळं सुटकेसमध्येच. कपाट रिकामं. “कपाटात ठेवलं की विसरते माणूस,” म्हणायच्या. मी भाकरी न्यायचे, त्या गोळाभात करायच्या. मला वाढताना कधी ‘अजून घेशील का’ असं विचारलं नाही, वाढायच्याच.

माझी शाळा आठवीत सुटली. लग्न होऊन इथं आले तेव्हा फोन वाजला तरी उचलायचे नाही. पलीकडून कुणी इंग्रजीत बोललं तर काय करायचं? बसमध्ये तिकीट तपासायला कुणी चढलं की पास हातात असूनसुद्धा मी दाराकडं सरकायचे. ताई हसायच्या. “अशी घाबरून राहिली ना तू, एक दिवस सगळं घाबरणं संपून जाईल. मग काय करशील?”

अशा बाईला नशिबानं नवरा मिळाला तो न घाबरणारा. हे बेकरीच्या कारखान्यात होते. इंग्रजी ह्यांचंही जेमतेमच, पण ते हातवारे करून दुनिया जिंकायचे. त्या हिवाळ्यात ह्यांना खोकला लागला. आधी म्हणाले पिठानं होतोय, मग म्हणाले थंडीनं. पँट ढिली व्हायला लागली तेव्हा मी ओढत जीपीकडं, म्हणजे आमच्या भागातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एक्स-रे काढायला पाठवलं, ते आमच्याच डिपार्टमेंटमध्ये.

ह्यांना गाऊन मीच दिला. “नर्सबाई, पाठीमागची नाडी बांधा,” म्हणून चेष्टा चाललेली. मी दार लावून बाहेर उभी राहिले. मग दार उघडलं आणि ताई स्वेटर पसरून उभ्या होत्या.

“आता कपडे घाला भाऊ, गारठाल. बाकी डॉक्टर कळवतील.”

मी बघितलं त्यांच्या तोंडाकडं. इतके दिवस बघणाऱ्यांना बघत होते, तरी बघितलंच. काही नव्हतं. जसा चेहरा मनगट मोडलेल्या पोरासाठी, तसाच.

त्याच आठवड्यात शुक्रवारी ताईंचं आमच्याकडचं काम संपत होतं. पुढं ब्रिस्टल. ब्रिस्टलला त्यांची भाची शिकत होती, या देशातलं त्यांचं एकुलतं एक रक्ताचं माणूस. किती महिने एजन्सीच्या मागं लागून त्यांनी ते काम मिळवलं होतं. दोघी एका घरात राहणार, रोज तिला करून घालणार. त्यासाठी आणखी एक कढई घेतली होती. सुटकेसमध्ये मावत नव्हती तरी.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिळाच्या पोळ्या करून घेऊन गेले. दार उघडंच होतं. सुटकेस पलंगावर उघडी, आणि रेडिएटरवर ताईंचे कपडे पसरलेले.

“ताई, अहो गाडी चुकेल की!”

“नाही जात आज. कपडे वाळले नाही.”

मी पोळ्यांचा डबा ठेवायला वाकले, तेव्हा हात सहज रेडिएटरवरच्या कुर्त्याला लागला. कुर्ता कोरडा होता. शेजारचा टॉवेलही कोरडा.

मी तशीच पलंगावर बसले. ताई माझ्याकडं पाठ करून चहाचं आधण ठेवत होत्या. जरुरीपेक्षा जास्त वेळ आलं ठेचत होत्या. विचारावं असं वाटलं, शंभरदा. पण विचारलं असतं तर त्यांना एकतर माझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर कामाचा नियम मोडावा लागला असता. आणि मला उत्तर कळलेलंच होतं.

“इकडची हवाच दमट,” मी म्हटलं.

“तर काय,” त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात चेस्ट क्लिनिकमधून बोलावणं आलं. ताई युनिफॉर्मवरच आल्या, जेवणाची सुट्टी घेऊन. डॉक्टरांच्या समोर ह्यांच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला त्या. डॉक्टर बोलायचे आणि ताई एकेक वाक्य माझ्या हातात ठेवायच्या, गरम भांडं द्यावं तसं, सावकाश.

“टीबी आहे. ऐकून घे आधी. बरा होते. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायची नाही.”

ह्यांनी मान खाली घातली. न घाबरणारा माणूस माझा, मांडीवरची टोपी गुंडाळत उलगडत बसला. आमच्या गावाकडं टीबी झालेल्याचं ताट वेगळं करतात, नाव कुजबुजत घेतात. आणि माझ्या डोक्यात भलतंच चालू.

“ताई, विचारा ना त्यांना. आम्हाला परत पाठवतील का?”

ताईंनी विचारलं. डॉक्टर आधी गोंधळले, मग खुर्ची पुढं ओढून ह्यांच्याकडं बघत काहीतरी म्हणाले.

“म्हणतात, परत कशाला? तुम्ही गेला तर गोळ्या घेतल्या की नाही ते मी कुणाला विचारू?” मग ताईंनी आवाज बदलून आपलं स्वतःचं जोडलं, “अन् ताट वेगळं करशील तर मी येऊन एकत्र करीन.”

आमच्याकडं माणसं कमीच होती, ताईंना ठेवून घेतलं. ह्यांच्या गोळ्या सुरू होऊन पंधरवडा झाला. खोकला उतरला, पण चार पावलं टाकली की धाप. घरातल्या माणसालाही तपासतात, तसा माझा एक्स-रे निघाला. मी रोज ज्या दाराबाहेर उभी राहायचे त्याच्या आत गेले.

“धर दातात,” ताई म्हणाल्या. “श्वास घे. थांबव.”

मला वाटलं, गेले कित्येक दिवस थांबवलेलाच आहे.

त्या काचेमागून आल्या. स्वेटर पसरलं. “कपडे घाल, गारठशील. बाकी डॉक्टर कळवतील.” दारापर्यंत गेल्या, परत वळून मशीनवर काहीतरी पुसलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “अगं, माझे कपडे वाळले बरं का.”

माझा एक हात बाहीत आणि एक बाहेर, तशीच मी सुटल्यासारखी रडत उभी राहिले.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं त्यांना पोचवायला गेलो. मी म्हटलं, “ब्रिस्टलला पोचलात की फोन करा.”

“ब्रिस्टल नाही गं. तिथं दुसरी कोणी गेली. मिल्टन कीन्सला चालली मी. सारे गोल गोल रस्ते आहेत म्हणतात, फिरत बसीन.”

“आणि भाची?”

“ती काय पळून चालली? येईल सुट्टीत.” आणि कढई माझ्या हातात दिली. “ही मावत नाही. ठेव तू.”

मी कढई छातीशी धरली. ह्यांनी सुटकेसचं हँडल धरलं.

“सोडा भाऊ. कुकर आहे आत, जड आहे.”

“नाही ताई. एवढं तरी करू द्या.”

शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरली. बसस्टॉपपर्यंत चढ आहे. ताई म्हणजे शिशाचा एप्रन अंगावर घालून जिने चढणारी बाई. निम्म्या वाटेत ह्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला. ओठ घट्ट मिटून चालत होते, सोडायला तयार नव्हते.

“थांबा हो भाऊ,” ताई म्हणाल्या, “दम लागला मला.”

सुटकेस फुटपाथवर टेकली. वरून बस आली, स्टॉपवर थांबली, निघून गेली. “जाऊ द्या, येईल दुसरी,” म्हणत ताईंनी ह्यांना सुटकेसवर बसवलं. आणि त्या मरणाच्या थंडीत स्वतः हातमोजा काढून, त्यानं तोंडावर वारा घेत उभ्या राहिल्या.