मुक्ताचा पंप आणि देवाचा कौल

"अस्थमा आहे. म्हणजे दमा," कुडाळच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या सात वर्षांच्या लेकीने, मुक्ताने, त्यांच्या टेबलावरचा प्लास्टिकचा हत्ती उचलला आणि त्यालाच विचारलं, "तुका पण आसा?"

मला हसू आलं नाही. गेले दोन पावसाळे आम्ही तिला 'सर्दीची प्रकृती' म्हणत होतो. खोकला आला की ओवा शेकायचा, काढा पाजायचा, पहाटे खोकून खोकून उलटी झाली की कफ पडला म्हणून समाधान मानायचं. खेळाच्या तासाला ती मध्येच खाली बसायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, आळशी आहे.

डॉक्टरांनी दोन पंप दिले. पंप म्हणजे इन्हेलर, तोंडाने ओढायचं औषध. एक रिलिव्हर, म्हणजे धाप लागली की आकसलेली श्वासनलिका लगेच मोकळी करणारा. दुसरा कंट्रोलर, म्हणजे आतली सूज उतरवणारा. तो रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरीही. दोन्ही स्पेसरमधून द्यायचे. स्पेसर ही बाटलीएवढी पारदर्शक नळी. त्यामुळे औषध घशावर न आदळता फुप्फुसात जातं.

"या कंट्रोलरमध्ये स्टिरॉइड आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

मी ओरोसला सरकारी कचेरीत कामाला आहे. दुसऱ्या दिवशी बसमध्ये एका बाईला सांगितलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कचेरीला कळलं. प्रत्येकाकडे स्टिरॉइडने सुजलेला एकेक नातेवाईक तयार होता. कुणी म्हणे तोंड भोपळ्यासारखं होतं, कुणी म्हणे उंची खुंटते. मासे बंद करा, केळी बंद करा, दही तर दाखवूही नका. उचलली जीभ लावली टाळ्याला.

घरी सासूबाई होत्याच. "पंप एकदा लागलो काय मसणात जायसर सुटना नाय," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "चेडू आसा गो ता. उद्या कोण करून घेतलो?"

लेक दुसरीत होती आणि आम्ही तिच्या लग्नाला अडलो होतो.

तरी मला भीती वाटत होती, हे कबूल. पंप कपाटात होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. शेवटी रजा टाकली आणि मुक्ताला न घेता एकटीच कुडाळला गेले. भांडायलाच गेले होते म्हणा ना.

डॉक्टरांनी मला सगळं विचारू दिलं. "स्टिरॉइडची गोळी रक्तातून अंगभर फिरते," त्या म्हणाल्या. "पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. ती जिथे सूज आहे तिथेच जाते. घेतल्यावर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो."

"उंची खुंटते म्हणतात."

"थोडा फरक पडू शकतो. खोटं सांगणार नाही. दर भेटीला आपण उंची मोजू. पण सतत धापणारं मूलही नीट वाढत नाही."

"सवय लागते?"

"व्यसन लागत नाही. दमा आटोक्यात आला की मी मात्रा कमी करत आणीन. तुम्ही परस्पर थांबवायचं नाही."

"आणि मासे?"

"मासे खाऊन तिला कधी त्रास झालाय? नाही? मग कोकणातल्या पोरीला उपाशी का ठेवताय?"

परतताना बसमध्येच मी ठरवलं, पंप द्यायचा. औषध अगदी निर्धोक आहे असं त्या म्हणाल्या असत्या तर माझा विश्वास बसला नसता. उंचीचं त्यांनी खरं सांगितलं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं.

नवरा माझ्या बाजूने होता, पण आतल्या खोलीपुरता. "आवशीसमोर नको. खोलयेत दी," तो म्हणाला. मी म्हटलं, आईसमोर दिला तर काय झालं, आपण काय चोरी करतोय? मी ओट्यावर बसूनच पंप द्यायला लागले. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. बघू देत. महिन्याभरात पहाटेचा खोकला थांबला.

मग चतुर्थी आली. गणपतीला मुंबईहून घरभर पाहुणे. कचेरी सांभाळून मोदक, आरत्या, पंगती यांत मी बुडालेली. मुक्ताला रोज विचारत होते, "पंप घेतलास?" ती मान हलवत होती. सासूबाईंनी तिला पढवलं होतं, "पावण्यांसमोर घेव नको हां. आवस रागावतली, तिका सांग घेतलंय म्हणान." रोजचा पंप त्यांनी माळ्यावर नारळांच्या मागे ठेवला होता. हे सगळं मला मागाहून कळलं. मुंबईकरांना दिसला तर उद्या स्थळं यायची नाहीत.

एका दुपारी आरती चालू होती. धूप दाटलेला, खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पोरं फटाके लावत होती. मुक्ता खांबाला धरून उभी होती आणि टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. दोन शब्दसुद्धा ती सलग बोलू शकत नव्हती. हे दिसलं की थांबायचं नाही, हे मी तुम्हाला हात जोडून सांगते. रिलिव्हर माझ्या पर्समध्ये होता. तो देत देतच आम्ही गाडी काढली.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर लावला. नेब्युलायझर म्हणजे औषधाची वाफ करून मास्कमधून देणारं यंत्र. शिवाय तोंडाने स्टिरॉइड, काही दिवसांसाठी. बोलता येऊ लागल्यावर मुक्ताने पंप घेत नसल्याचं सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पंपातून कित्येक महिन्यांत जेवढं गेलं नसतं तेवढं स्टिरॉइड आता या थोड्या दिवसांत तिच्या पोटात जाणार आहे. पंप बंद करून तुम्ही वाचवलंत काय?"

दाराशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

ऐकलं म्हणजे पटलं, असं आमच्या घरात होत नाही. मुक्ता घरी आली आणि सासूबाईंनी जाहीर केलं, ग्रामदेवतेला कौल लावायचा. पंप द्यावा की नाही, ते देवच सांगेल. आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला की गावात कुणी तो मोडत नाही. नवऱ्यानेही मान डोलावली. माझ्या लेकीचा श्वास एका कळीवर टांगायला निघाले होते सगळे. मला इतका संताप आला की चपला घालायच्या विसरून मी देवळात गेले.

वाडीतली माणसं जमली होती. गुरवांनी विचारलं, "काय इचारूचा?"

सासूबाई तोंड उघडायच्या आत मी पुढे झाले. "माका इचारूचा कायच नाय. माका सांगूचा आसा. कौल नको, गाऱ्हाणा घाला."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मांडलेलं मागणं. ते कुणीही घालून घेऊ शकतं, आणि गुरव नाही म्हणत नाही. मी त्यांना काय सांगायचं ते सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि खणखणीत सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेल्यांनी साथ दिली.

"ह्या लेकराच्या छातयेत जा काय दाटता, ता मोकळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"डाक्टरान जो पंप दिल्यान, तेका येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तो पंप जो कोण लपवन ठेवता, तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात मध्येच गप्प बसता येत नाही. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा होता. जन्मभराची सवय. आपण कशाला होकार दिला, ते त्यांना नारळ फुटल्यावर कळलं. वाटेभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी पंप ओट्यावर होता.

मुक्ता आता खेळाच्या तासाला खाली बसत नाही. उंची दर भेटीला मोजतो, वाढतेय. मध्यंतरी डॉक्टरांनी मात्रा कमी केली. पुढे थांबेल की नाही, ते त्यांनाही आज सांगता येत नाही. लागला तर लागला. सासूबाई सांगतात, देवाने ऐकलं. श्रेय देवाला जाऊ दे, पंप मुक्ताला मिळू दे.

ज्या आईबापांच्या कपाटात असा पंप पडून असेल, त्यांना एवढंच सांगते. भीती वाटली तर डॉक्टरांशी भांडा, हवं ते विचारा, पटेना तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. पण बसमधल्या मतांवर आणि पोरीच्या न ठरलेल्या लग्नावर तिचा श्वास तोलू नका. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी त्या डॉक्टरबाईंची आयुष्यभर ऋणी आहे.

परवा वाडीतली एक सून मागीलदारी येऊन उभी राहिली. तिच्या मुलीलाही पंप दिलाय, घरात कुणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरांची चिठ्ठी पदराखाली. दबक्या आवाजात मला विचारायला लागली. मी उत्तर देणार तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या सासूबाई कडाडल्या.

"मागल्या दारान कित्याक इलस गो? फुडल्यान ये, ओट्यार बस. आणि तो कागद पदराखाली कित्याक धरलस? चोरी केलस काय?"