सिंधूमायनं न सांगितलेली तीन पानं

मोबाइलमध्ये काही नव्हतं. वर सरकवलं, खाली सरकवलं — नाही. माझी दीड वर्षाची पोर तो मोबाइल घेऊन पलंगाखाली बसलेली, बोटांना बिस्किट लागलेलं, अन् सिंधूमायचं दोन तासांचं बोलणं उडालेलं. सिंधूमाय चार दिवसांपूर्वीच वारली होती. परत कोणाला विचारणार? तुम्ही काय केलं असतं?

हे मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आठवीपर्यंत शिकले मी — जसं येतं तसं सांगते.

आमच्या बुऱ्हानपुरात एक सर आहेत. गाणाऱ्यांची, कवितावाल्यांची चरित्रं लिहितात, उमर त्यातच घातली. बायांशी बोलायचं असलं की मला पाठवतात. म्हणतात, ‘पुरुषासमोर बाई अर्धंच बोलते, तू जा.’ मी रेकॉर्ड करायचं, घरी ऐकून वहीत उतरवायचं, सर त्याचं पुस्तक करणार. बहादरपूरची सिंधूमाय भजनं स्वतः रचायची, स्वतः गायची. तिशीत एकदम गाणं सोडलं. का सोडलं? सरांचं पुस्तक तेवढ्यावरच अडलेलं.

आता ऐका. रेकॉर्डिंग उडालं ते पाप नाही. पण मला सगळं याद होतं. शब्द न् शब्द. याद असून मी दुसरंच लिहिलं.

का? त्या सकाळी माझा नवरा म्हणाला होता, ‘सरांचं काम नाहीतर घर, एक पकड.’ मी वही उघडली अन् ते वाक्य सिंधूमायच्या तोंडात घातलं — ‘घरधनी बोलले, गाणं नाहीतर घर, एक पकड.’ मग हात थांबलाच नाही. बंद दार लिहिलं, माळ्यावर फेकलेली बाजाची पेटी लिहिली. तीन पानं. घाबरत बसले होते, भीती कुठं गेली कळलं नाही. मजा आली — ते का लपवू?

सरांनी वाचलं, चष्मा काढून पुसला. ‘पुस्तकातलं सगळ्यात खरं पान हे,’ म्हणाले. मग पुस्तक निघालं, हॉलमध्ये कार्यक्रम झाला. सरांनी तेच वाचलं, बाया रडल्या, टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्या होत्या. मला आवडल्या. आजही आवडतात.

पहिल्या रांगेत सिंधूमायचा नवरा बसला होता — नारायणबाबा, टोपी गुडघ्यावर. बाहेर चपला शोधताना मला म्हणाले, ‘पोरी, तिनं असं सांगतलं?’

तिथं नाव पुढं करायला पोरीचं बोट नव्हतं. सर नव्हते. मी म्हटलं, ‘हो बाबा.’

‘मले तं याद नाही,’ ते म्हणाले. ‘पण ती म्हणाली तं असंल.’

त्यांची सून बाजारात भेटते. सांगते, बाबा जेवता जेवता थांबतात, विचारतात — मी कधी म्हटलं असंल व, कोणत्या साली?

तुम्ही काय केलं असतं ते आता विचारत नाही. तुमचं तुमच्यापाशी. लेकरू लहान, नवरा तसा, शिक्षण कमी — यातलं एकही मी पुढं करत नाही. तीन पानं माझी. ते ‘हो’ पण माझं.

पुस्तक परत छापायचं आहे. सरांनी विचारलं, काही बदलायचं? उद्या बहादरपूरला जाते. तिचं खरं बोलणं वहीत उतरवलंय; बाबांना वाचता येत नाही, मीच वाचीन, त्यांच्या तोंडाकडे पाहून. मग सरांकडे. काम जाईल. घरचे म्हणतील, बघ, सांगत नव्हतो? म्हणू दे.

सिंधूमाय केळं सोलत बोलली होती. हे तिचं आहे, यात माझं काही नाही:

‘गाणं मीच सोडलं व बाई. मन भरलं. हा माणूस तं सायकलले पेटी बांधून इच्छापूरच्या जत्रेपर्यंत न्यायचा मले. मी बस म्हटलं, तं वर्षभर रुसला. ते पाह्य न, अजून पेटी पुसून ठेवतो.’