मेजर आणि रिकामी ओळ

दोन शब्दांच्या मध्ये किती जागा सुटली आहे हे चार हातांवरून सांगणारा माणूस साऱ्या जगात एकच आहे आणि तो साताऱ्यात राहतो. मी वाढवून सांगतोय असं वाटेल, पण मी चार वर्षं त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो आहे आणि ही नजर रोज अंगावर झेलली आहे. हे माझे घरमालक. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडे निवृत्त फौजीला सरसकट मेजरच म्हणतात, तसे तेही मेजर. बंदूक त्यांनी फार थोडी चालवली. सव्वीस वर्षं चालवला तो कार्यालयातला टाइपरायटर. एका साहेबाने म्हणे एकदा एका जागेऐवजी दोन जागा पडल्या म्हणून पत्र परत पाठवलं होतं. दुसरा कुणी ते विसरून गेला असता. मेजरांनी त्याचं व्रत करून टाकलं.

त्यांच्या दोरीवर कपडे उंचीप्रमाणे वाळतात. लग्नपत्रिका आली की ते आधी मुहूर्त बघत नाहीत, फूटपट्टी लावतात. शेजारच्या गल्लीतल्या एका घरची पत्रिका त्यांनी लाल पेनाने दुरुस्त करून वधूपित्याला परत नेऊन दिली होती. मामा लोकांची नावं डावीकडे सरकली होती, तेवढंच. वधूपित्याने बिचाऱ्याने ती हात जोडून ठेवून घेतली, पण लग्नात मेजर जेवायला बसले तेव्हा वाढप्याने त्यांच्या पंगतीत जिलेबी आणलीच नाही. पाणी बंद राहणार असल्याची सूचना भिंतीवर तिरकी चिकटवलेली दिसली, तेव्हा ती वाचणाऱ्या माणसांच्या समोरून त्यांनी सोलून काढली, घरून खळ आणली आणि सरळ लावली. तोवर लोक ताटकळत उभे. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, हे सगळं बघून एकच बोलायच्या, "आवं, जगाला इस्त्री करून झाली की ह्या दोन साड्यांवर बी फिरवा."

अशा माणसाच्या हाती मी इंटरनेट दिलं. चूक माझीच.

झालं असं, की मी कॉलेजच्या प्रकल्पासाठी वाचनालयं चालवण्याच्या एका सॉफ्टवेअरची माहिती वाचत होतो. हे सॉफ्टवेअर कुण्या कंपनीचं नाही. देशोदेशीची माणसं ते फुकट बनवतात, फुकट वापरायला देतात आणि त्याची माहितीपुस्तिकाही सगळ्यांना उघडी असते. कुणालाही चूक दिसली तर त्याने दुरुस्ती सुचवायची, सांभाळणाऱ्यांना पटली तर ते ती मंजूर करतात. मेजर पाण्याची टाकी बघायला वर आले होते, त्यांनी माझ्या खांद्यावरून पडद्यावर नजर टाकली आणि टाकी विसरले. पानावर सहा पायऱ्यांची यादी होती, पण ती यादीसारखी दिसतच नव्हती. सगळ्या पायऱ्या वरच्या परिच्छेदात घुसून एक लांबलचक गिचमीड झाली होती.

"ह्यो कुणाचा कागद हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुणाचाच नाही, सगळ्यांचा आहे.

"मंजी आपला बी?"

मी हो म्हटलं आणि तिथेच फसलो. दुसऱ्या दिवसापासून मेजर सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून माझ्या खोलीत हजर. चप्पल घालून ते कधी पुस्तिकेसमोर बसले नाहीत. आठवड्याभरात दुरुस्ती कशी पाठवायची ते शिकले, महिन्याभरात मुलीचा जुना लॅपटॉप मागवून घेतला. सॉफ्टवेअर काय करतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण कोणत्या पानावर तक्ता कलंडलाय, कोणत्या मथळ्याचं अक्षर बाकीच्यांपेक्षा मोठं झालंय, कुठे पायऱ्या एक, दोन, दोन, चार अशा पडल्यात, याची त्यांच्याकडे वही होती. दोन नंबरच्या दुसऱ्या पायरीबद्दल ते असं बोलायचे जणू तो हजेरी चुकवून पळालेला जवान आहे.

आणि मग त्यांनी सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या माजी सैनिकांना सांगून टाकलं की जगभर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये आपलं नाव लागणार. दुरुस्ती मंजूर झाली की नाव लागतं, हे खरंच होतं. सव्वीस वर्षं त्यांनी हजारो पत्रं टाइप केली, पण खाली सही कायम दुसऱ्याची. त्यामुळे हे नाव त्यांना किती हवं होतं ते मला दिसत होतं. रोज फिरायला गेलं की विचारणा व्हायची, "काय मेजर, लागलं का नाव?" आणि मेजर म्हणायचे, काम चालू हाय.

कामाचं स्वरूप मला तेव्हा कळलं जेव्हा त्यांनी सगळं पूर्ण करून माझ्यासमोर ठेवलं. चाळीस पानं. मेजर एका यादीपाशी कसले थांबतात, जिथे जिथे एखादी ओळ आत सरकलेली दिसली ती त्यांनी ओढून समासाला आणून उभी केली होती. सगळी पुस्तिका सावधानमध्ये. गोची अशी, की पुस्तिकेत मध्येमध्ये नमुन्याच्या फायली दिलेल्या होत्या आणि त्यांत ओळ आत सरकलेली असते ती मुद्दाम. बापाच्या ओळीखाली लेकाची ओळ दोन जागा आत, त्याखाली नातवाची आणखी दोन जागा आत, यावरून तर कॉम्प्युटरला कळतं कोण कुणाचा. मेजरांनी बाप, लेक, नातू सगळे एका रांगेत उभे केले होते. कुणाचं नातं कुणाशी उरलं नव्हतं.

हे मला पहिल्या पानावरच दिसलं. पण मी आटपाडीकडचा, आमच्या घरात मेंढरांमागे फिरणाऱ्यांत कॉलेजला गेलेला मीच पहिला, आणि मोठ्या माणसाला तुमचं चुकलंय असं म्हणायची सवय माझ्या जिभेला नव्हती. वर्गात शंका विचारायची तरी मी आधी मनात चार वेळा म्हणून बघायचो आणि तोवर तास संपायचा. इथे तर समोर बूट घातलेले मेजर. मी म्हटलं, छान झालंय. त्यांनी एक बोट हवेत गोल फिरवलं आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. पुस्तिका सांभाळणाऱ्या कुणी दूरदेशीच्या बाई होत्या. त्यांनी फार गोड शब्दांत आभार मानले आणि ही दुरुस्ती घेता येणार नाही म्हणून कळवलं. नमुने मोडतील, आणि एका वेळी एकच छोटी दुरुस्ती पाठवावी. मेजरांनी ते उभं राहून वाचलं. मग खुलासापत्र लिहिलं: विषय, संदर्भ, परिच्छेद एक, परिच्छेद दोनचा अ आणि दोनचा ब, आणि शेवटी आपण कोणत्याही शिक्षेस पात्र आहोत. बाईंनी बिचाऱ्यांनी घाईघाईने कळवलं की शिक्षा वगैरे काही नसते. तीन दिवस मेजर सकाळी फिरायला गेले नाहीत. काकूंनीही टोमणा मारला नाही, यावरून प्रकरणाचा अंदाज यावा.

चौथ्या दिवशी मी चहाचा कप परत द्यायला खाली गेलो तेव्हा त्यांनी मला बसवलं.

"तुला म्हाईत हुतं?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं. पण मान हलली. हो.

"पयल्यापासनं?"

"पहिल्या पानापासनं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी मोठे, मेजर."

त्यांनी माझ्या हातातला कप घेऊन खाली ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "गड्या, चूक दिसली की बोलायचं. धाकट्याला नंतर बोललास तरी चालंल, मोठ्याला आधी बोलायचं. मोठ्याच्या चुकीमागनं अख्खी पलटण जाती." आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "आता सांग. म्या काय काय घाण केलीया ते एकेक सांग."

मी सांगितलं. सुरुवातीला आवाज फुटेना. दहाव्या पानापर्यंत फुटला. विसाव्या पानावर मी मेजरांना म्हणालो की इथं तर तुम्ही कहर केलाय, आणि आतल्या खोलीतून काकूंचं हसू ऐकू आलं. शेवटी चाळीस पानांमधून आम्ही एकच गोष्ट पाठवली. ती सहा पायऱ्यांची यादी. तिच्या आधी एक ओळ रिकामी सोडायची राहिली होती, एवढाच तिचा आजार. आम्ही ती ओळ रिकामी सोडली. पायऱ्या परिच्छेदातून सुटून एकाखाली एक सुरेख उभ्या राहिल्या. दुसऱ्याच दिवशी मंजुरी आली, आणि मेजर उठून थेट फिरायला गेले, ती संध्याकाळ होती तरी. नोंद मी नंतर पाहिली. त्यांनी तिथे दोन नावं घातली होती आणि पहिलं माझं होतं.

सुट्टीत मी ती नोंद वडिलांना मोबाइलवर दाखवली. त्यांना अक्षर येत नाही, पण नाव कुठं हाय ते त्यांनी बोट ठेवून विचारून घेतलं. मग म्हणाले, ह्यात तू केलंस काय? मी म्हटलं, एक ओळ रिकामी सोडली. त्यांनी कळपाकडे बघत जरा विचार केला. "रिकामी सोडाया यवढं शिकाय लागतंय व्हय," म्हणाले, आणि मोबाइल काकाला दाखवायला घेऊन गेले.

आता मी पुण्याला नोकरीला आहे. मीटिंगमध्ये साहेबांचं काही चुकलं तर मनात एकदाच म्हणून बघतो आणि बोलतो. मेजरांच्या दुरुस्त्या चालूच आहेत. प्रत्येक दुरुस्ती ते बाईंकडे पाठवायच्या आधी मला पाठवतात आणि दर वेळी तिच्यात एक चूक असते. एक जागा जास्त, एखादा आकडा पुढे-मागे. मी फोन करून सांगतो, मग ते म्हणतात, शाबास. ती चूक ते मुद्दाम ठेवतात हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एकदा मी पान दोनदा वाचलं तरी काहीच सापडेना, तसं सांगितलं, तर पलीकडून शांतपणे आवाज आला, "नीट बघ, गड्या. हाय." आणि होती.

हल्ली एका पानात तीन-चार सापडतात. काकू म्हणत होत्या, ह्यांच्या डोळ्यांना अलीकडं कमी दिसतंय, पण दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. मी मेजरांना त्याबद्दल एकदाच बोललो, मोठ्याला आधी बोलायचं म्हणून, आणि त्यांनी पुढच्या महिन्यात दाखवून येतो असं कबूल केलं. त्याला तीन महिने झाले. दर रविवारी पान येतं. मी एकेक चूक सांगत जातो, सगळ्या मुद्दामच ठेवल्यासारख्या, आणि ते प्रत्येकीला शाबास म्हणतात.