अंबडचं कॉम्प्युटर-दर्शन

कोल्हापूरची माणसं नाशिकला देवाला जातात, द्राक्षं खायला जातात. मी एक कॉम्प्युटर बघायला गेलो.

आमचा गुळाच्या खोक्यांचा छोटा कारखाना. आमची सुमन, म्हणजे आमच्या सौ., आणि चार बायका खोक्यांना पिना मारतात. मी मालक असण्याचं काम करतो. पिना मारायचं मशीन एकच, त्यामुळे निम्म्या ऑर्डरी शेजारच्याकडे जातात. गाठीला पैसे होते, पण एकाच गोष्टीला पुरतील एवढे. सुमनला दुसरं मशीन हवं होतं. मला मात्र एका टायवाल्या सल्लागाराने 'सिस्टिम'ची भुरळ घातली होती. "नाशिकला एका खोकेवाल्याकडे आम्ही सिस्टिम बसवली, त्याचा धंदा कुठल्या कुठे गेला!" असं तो म्हणाला. कुठे गेला ते मी डोळ्यांनी बघून यायचं आणि मग पैसे कशात घालायचे ते ठरवायचं, असा घरात तह झाला.

खंडेनवमीला (दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा करून त्यांना विश्रांती देतात) आमचा कारखाना बंद असतो. तोच दिवस मी मोठ्या हुशारीने निवडला. खंडेनवमी नाशिकलाही त्याच दिवशी येते, हे माझ्या व्यवस्थापकीय मेंदूत शिरलंच नाही.

सकाळी द्वारका चौकात उतरलो आणि आधी मिसळ गाठली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड.

"कोल्हापूरचे का?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"'ह्यात काय तिखट हाय?' असं तोंड करून बसलात. पण नाकातनं पाणी येतंय."

बाहेर रिक्षाच्या कपाळावर झेंडूची माळ होती. अंबड एमआयडीसी म्हटल्यावर रिक्षावाला हसला. "आज तिथं काय करणार, भाऊ? कंपन्यांमध्ये आज फक्त पेढे मिळतात."

"मला कॉम्प्युटर बघायचाय."

त्याने मला आरशातून एकदा नीट पाहिलं आणि रिक्षा सुरू केली.

अंबडच्या त्या रस्त्यावर शेडच्या शेड सजल्या होत्या. फाटकांना केळीचे खुंट, प्रेसमशीनना कुंकवाचे पट्टे, फोर्कलिफ्टच्या दातांना हार. सल्लागाराचे ते खोकेवाले, निवृत्तीशेठ, दारातच भेटले. मूळचे दिंडोरीकडचे, द्राक्षवाले. आता द्राक्षांच्या खोक्यांचे कारखानदार. हातावर पेढा ठेवून त्यांनी मला थेट काचेच्या केबिनपाशी नेलं.

आत एसी, निळे दिवे आणि मधोमध कॉम्प्युटर. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक. कीबोर्डवर झेंडू, शेजारी पाण्याने भरलेला तांब्याचा कलश, त्यावर नारळ. मी नकळत चपला बाहेर काढल्या.

"जरा चालू करून दाखवता?"

"आज? पूजा झाली ना. दसरा होईस्तोवर हात नाय लावत."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. बारा तास बसमध्ये पाठ मोडून घेतलेला माणूस किती धीर धरणार? मी हळूच बटणाकडे बोट नेलं.

"ओ पाहुणे! काय करताय?" प्रसाद वाटणारी एक बाई काचेबाहेरून ओरडली. मी दचकून हात मागे घेतला तो कोपर कलशाला लागला. नारळ टेबलाखाली आणि कलशभर पाणी कीबोर्डवर!

सगळी शेड केबिनपाशी गोळा झाली. निवृत्तीशेठ आले, त्यांनी पाहिलं आणि शांतपणे खांद्यावरचा टॉवेल काढला.

"घाबरू नका हो. प्लॅस्टिक कुठं काढलंय अजून?"

खरंच की. झेंडूखाली कीबोर्डवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं.

"म्हणजे... ही सिस्टिम चालत नाही?"

"लय चालते! एक्सपोर्टवाली पार्टी येती, पहिलं विचारती, सिस्टिम हाय का? मंग आपण काच दाखवायची. पार्टी काचेतनं बघती, मान हलवती, ऑर्डर देती."

"आणि बिलं?"

"ती करायला जीएसटीवाला येतो, त्याचा लॅपटॉप घेऊन."

मी शेवटचा धागा पकडला. "पण धंदा वाढला तो ह्याच्यामुळेच ना?"

"छ्या! धंदा वाढला पिना मारायचं दुसरं मशीन घेतलं तव्हा. माल वेळेवर जायला लागला, मंग मोठी पार्टी आली. तिला दाखवायला हे." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुम्ही बघून गेलात ना, की तो टायवाला मला औंदाचा मेंटेनन्स माफ करणार. येत जा!"

परतीच्या बसमध्ये मी एकच वाक्य घोकत होतो. घरी पोचल्यावर ते सुमनपुढे गंभीरपणे म्हटलं, "सर्व बाबींचा सखोल अभ्यास करता, दुसरं मशीन घेणं श्रेयस्कर ठरेल."

"हे मी घरात बसून सांगितलं होतं," सुमन म्हणाली, "बिनतिकिटाचं."

मशीन आलं. शेजारच्याकडे जाणाऱ्या ऑर्डरी माघारी आल्या. आणि परवा गूळ परदेशी पाठवणाऱ्या एका बड्या पार्टीचा फोन आला. माल किती, भाव काय, हे नंतर, पहिला प्रश्न, "तुमच्याकडे सिस्टिम आहे का?"

फोनवर हात ठेवून मी सुमनकडे पाहिलं. पिना मारता मारता, मान वर न करता ती म्हणाली, "आहे म्हणा. आणि आजच काचवाल्याला बोलवा. आत काय ठेवायचं ते ऑर्डर आल्यावर बघू."